आवणीतली कंबर आणि ऑस्टिओपथीचे हात

पावसाळ्यात दाभोशाला जाणारे लोक लेंडी नदीचा तीनेकशे फुटांचा धबधबा बघायला जातात. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारपासून वीसेक किलोमीटरचा रस्ता. जुलैत या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उतरणीवरच्या भातखाचरांत माणसं ओळीनं वाकलेली असतात आणि गाडीच्या काचेतून ती हिरव्या चित्राचाच भाग वाटतात. गाडी थांबवून त्यांतल्या एकाच बाईकडे दहा मिनिटं बघावं. पाय पोटरीपर्यंत चिखलात, गुडघे जवळजवळ ताठ, अंग कंबरेत पुरतं दुमडलेलं. डाव्या हातात रोपांची मूठ. उजव्या हाताची बोटं तिच्यातून तीन-चार काड्या सोडवतात, चिखलात खोवतात, की लगेच अर्धं पाऊल मागं. मूठ संपली की बाजूला फेकलेली दुसरी मूठ ती वाकूनच उचलते. सरळ उभी राहत नाही, कारण सरळ होताना एक कळ येते आणि पुन्हा वाकताना दुसरी. त्यापेक्षा वाकलेलं बरं.

आवणी, म्हणजे भातरोपांची ही लावणी, थांबवता येत नाही. राबातलं रोप जून झालं की वाया जातं, पाऊस ओढ देईल याची धास्ती असते आणि शेजाऱ्याच्या खाचरात आज आपण गेलो तरच उद्या तो आपल्याकडे येतो. त्यामुळे राबातली रोपं उपटायची खणणी आणि आवणी यांचे दिवस सलग जातात आणि दुखणं पुढे ढकललं जातं.

या कंबरेचं गणित ढोबळमानानं मांडता येतं. बाईचं वजन 45 किलो धरलं तर कंबरेवरचं धड, डोकं आणि हात मिळून पंचवीस-सत्तावीस किलो होतात. अंग आडवं झालं की या वजनाचा मध्य कंबरेच्या शेवटच्या मणक्यापासून सुमारे 25 सेंटिमीटर पुढे जातो. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटर मागे असतात. एक दांडी दुसरीच्या पाचपट लांब असलेल्या तराजूसारखा हा प्रकार आहे. म्हणजे हातात चार काड्यांपलीकडे काही नसताना पाठीवर सव्वाशे किलोच्या घरातली ओढ.

यात आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. 1955 साली फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोन संशोधकांनी पाठीच्या स्नायूंतली विजेची हालचाल मोजली. माणूस वाकत जाईपर्यंत स्नायू काम करत होते; पूर्ण वाकल्यावर ते चक्क गप्प झाले. भार नाहीसा झाला नव्हता. तो मणक्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या अस्थिबंधांवर आणि मधल्या चकत्यांवर गेला होता. वाकून राहणं सोपं वाटतं ते यामुळेच, आणि महागात पडतं तेही यामुळेच. तासन्‌तास ताणलेले अस्थिबंध सैलावतात. कॅनडातल्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी माणसांना वीस मिनिटं पूर्ण वाकलेल्या स्थितीत बसवून पाहिलं. नंतरच्या दोन मिनिटांच्या विसाव्यात हा सैलपणा सुमारे निम्माच भरून आला. वीस मिनिटांची ही कथा, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंतची काय असेल?

म्हणून आवणीच्या दिवसांत कंबर धरते ती बऱ्याचदा चिखलात नाही. काम आटोपून घरी निघताना बांधावरची लाकडाची मोळी उचलायला बाई वाकते आणि तिथे चमक मारते. घरचे म्हणतात, मोळी जड होती. मोळी रोजच तेवढीच जड असते. त्या दिवशी पाठीचे बांध सैल होते आणि स्नायू थकलेले होते. दुखापतीचं कारण सकाळी सुरू झालेलं असतं, बिल मात्र संध्याकाळच्या मोळीवर फाडलं जातं.

जाता जाता एक गोष्ट. वारली चित्रातल्या माणसाचं धड दोन त्रिकोणांचं असतं, टोकाला टोक जुळवलेलं. ती माणसं पाणी भरतात, आवणी करतात, नाचतात. टोकं जुळतात ती जागा म्हणजे नेमकी कंबर. ती इतकी बारीक काढण्याची चाल कशी पडली हे चित्रकारांनी सांगावं; हाडांच्या डॉक्टरला मात्र ते चित्र अगदी पटेल.

पाठीत उसण भरली तर करायचं काय, याचं उत्तर महाराष्ट्रभर जुनं आहे: पायाळू माणूस शोधायचा. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं मानतात. मग कोणी चोळणारा, कोणी हाडवैद, कोणी भगत. शहरातला वाचक हसेल, पण हसण्याआधी एक आकडा लक्षात घ्यावा. अचानक धरलेली साधी कंबर बहुतेकांच्या बाबतीत दीड महिन्यात आपोआप बरीच सुधारते. म्हणजे पायाळूची लाथ, झेंडू बामची बाटली, मुंबईच्या दवाखान्यातली महागडी बैठक, यांपैकी काहीही केलं तरी यशाचं पारडं आधीच झुकलेलं असतं. पाठदुखीवरच्या प्रत्येक उपायाची परीक्षा अवघड होते ती इथे. आपोआप बरं झाल्याचं श्रेय कोणाच्या खात्यावर टाकायचं?

हातानं उपचार करणाऱ्या ऑस्टिओपथीची सुरुवातही एका हाडवैदासारख्याच माणसापासून झाली. अँड्र्यू टेलर स्टिल हा अमेरिकेतल्या सरहद्दीकडच्या मुलखातला डॉक्टर. 1864 साली मेंदूज्वराच्या साथीत त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. 1874 मध्ये त्यानं आपली पद्धत जाहीर केली. शरीराचा सांगाडा, स्नायू आणि रक्ताभिसरण यांची घडी नीट असली तर शरीर स्वतःला सावरतं, हे तिचं सूत्र. काही काळ तो स्वतःची जाहिरात ‘विजेच्या वेगाचा हाडवैद’ अशीच करत गावोगाव फिरला. 1892 मध्ये त्यानं मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल इथे पहिली शाळा काढली. पुढे या विद्येच्या दोन वाटा झाल्या. अमेरिकेत ऑस्टिओपथीची पदवी घेतलेला माणूस आज पूर्ण डॉक्टर असतो, औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो. ब्रिटनमध्ये आणि युरोपात तो हातानं उपचार करणारा स्वतंत्र व्यावसायिक आहे. ब्रिटननं 1993 साली त्यासाठी कायदा केला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2010 मध्ये या शिक्षणाचे किमान निकष छापले. भारतात ऑस्टिओपथीची स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. इथे बहुतेक वेळा फिजिओथेरपिस्टच पुढचं शिक्षण म्हणून ही कौशल्यं शिकतात. त्यामुळे कोणी ‘ऑस्टिओपॅथ’ अशी पाटी लावली असेल तर त्याची मूळ पदवी कोणती आणि नोंदणी कुठे, हे विचारणं हा उद्धटपणा नाही. फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी परिषद महाराष्ट्रात आहे.

ऑस्टिओपॅथ नेमकं करतो काय? चांगला असेल तर पहिला बराच वेळ काहीच करत नाही. उभं राहायला सांगतो, खांदे समपातळीत आहेत का बघतो. वाकायला सांगतो आणि वाकताना हालचाल कुठून सुरू होते ते बघतो. मग बोटं मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवत नेतो. कुठे स्नायू दोरीसारखा ताठ आहे, कुठे दाबल्यावर रुग्ण अंग चोरतो, हे हाताला कळतं. कंबर दुखते म्हणून तो कंबरेवरच थांबत नाही, खुब्याचे सांधे फिरवून बघतो. आवणी करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही पायरी महत्त्वाची. खुबा नीट दुमडत असेल तर वाकण्याचा मोठा वाटा तो उचलतो. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले तर सगळं वाकणं कंबरेच्या चार-पाच मणक्यांवर येऊन पडतं. अशा वेळी ऑस्टिओपॅथ एक साधी युक्ती वापरतो. रुग्ण उताणा, पाय सरळ वर उचलून धरलेला. रुग्णानं टाच उपचारकाच्या हातावर पाचेक सेकंद हलकेच दाबायची, सोडायची. स्नायू सैल पडला की पाय आणखी थोडा वर न्यायचा. तीन-चार वेळा केल्यावर पाय आधीपेक्षा वर जातो. यात जादू नाही आणि कटकन आवाजही नाही.

त्या आवाजाविषयी मात्र बोलायला हवं, कारण लोक त्यासाठीच पैसे देतात. मान किंवा कंबर झटक्यात फिरवली की कट वाजतं आणि ‘मणका जागेवर बसला’ असं सांगितलं जातं. मणका जागेवरून गेलेलाच नसतो. गेला असता तर माणूस चालत आला नसता. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये बोटांचे सांधे एमआरआय यंत्रात ओढून बघितले, तेव्हा आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात एक पोकळी तयार होताना दिसली. एवढंच. झटक्यानंतर बरं वाटतं ते खोटं नाही. स्नायू काही काळ सैलावतात, दुखण्याची जाणीव घटते. पण हाड बसवलं ही गोष्ट रुग्णाच्या मनात बसली की तो पुढच्या वेळी कंबर धरल्यावर हाड पुन्हा सरकलं म्हणून घाबरतो. घाबरलेला माणूस कमी हलतो, आणि कमी हललेली पाठ जास्त दुखते.

उपाय किती लागू पडतो याचे पुरावे मिळमिळीत आहेत, आणि ते तसेच सांगावेत. 1999 साली शिकागोतल्या एका अभ्यासात काही आठवडे दुखत असलेल्या कंबरेवर ऑस्टिओपथी आणि नेहमीचे वैद्यकीय उपचार यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते. ऑस्टिओपथीच्या गटाला औषधं कमी लागली. 2021 मध्ये फ्रान्समधल्या 400 रुग्णांवरच्या अभ्यासात निम्म्यांना खरी ऑस्टिओपथी आणि निम्म्यांना नुसता हलका स्पर्श मिळाला. खऱ्या उपचाराचा फायदा निघाला, पण 100 गुणांच्या मापावर साडेतीनच्या आसपास. रोजच्या कामात एवढा फरक जाणवेल असं म्हणणं कठीण. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, दुखण्याविषयी समजावून सांगणं, मालिश आणि मणक्यावरचे हाताचे उपचार यांना जागा आहे. कंबरेचे पट्टे, वजन लावून ओढणं आणि अफूजन्य वेदनाशामकं यांना नाही. औषधाच्या दुकानात लटकणारा तो जाड पट्टा विकत घेण्याआधी हे वाचावं.

माझं मत सांगायचं तर हाताचे उपचार म्हणजे मिळालेली थोडी उसंत. दुखणं दोन-चार दिवस हटलं की त्या वेळात माणूस नीट वाकायला शिकू शकतो, आखडलेला खुबा मोकळा करू शकतो. डायक्लोफेनॅकची सुई टोचून तो त्याच दिवशी शेतात गेला तर तीच उसंत वाया जाते. शिवाय उन्हात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला आणि रिकाम्या पोटाला अशा सुया वारंवार परवडत नाहीत.

जव्हार आणि शेजारच्या मोखाड्यात पाठीला हात लावण्याआधी आणखी एक चाळणी लावावी लागते, आणि मुंबईत शिकून आलेल्या उपचारकाला ती सुचेलच असं नाही. कुपोषणासाठी हा भाग 1992 सालच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंपासून बातम्यांत आहे. जिथे पोटाला कमी पडतं तिथे क्षयरोग असतो, आणि क्षयरोग फुप्फुसातच राहतो असं नाही. तो मणक्यात बसतो, मणका आतून पोखरतो. रुग्ण सांगतो ते एवढंच: कंबर दुखते. रात्री झोपेतही दुखत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरलं असेल, एकाच मणक्यावर बोट ठेवल्यावर तो कळवळत असेल, तर त्या पाठीला झटका देणं म्हणजे पोखरलेला मणका मोडणं आणि पाय कायमचे गमावणं. त्याला आधी एक्स-रे आणि तपासण्या हव्यात. हाडवैद आणि झटका देणारा ऑस्टिओपॅथ दोघेही इथे सारखेच धोकादायक.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. केंद्र सरकारनं 1 जुलै 2023 रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि हाडांत, पाठीत, सांध्यांत जीवघेणी कळ उठते. ती उठायला थंडी, भिजणं, अति कष्ट आणि पाणी कमी पडणं ही निमित्तं पुरतात. आवणीत ही सगळी निमित्तं एकत्र येतात. मग ती कळ ‘कामानं अंग दुखतंय’ या वाक्यात बेमालूम मिसळून जाते. तरुण मुलगा किंवा मुलगी दर पावसाळ्यात हात-पाय-पाठ धरून बसत असेल तर चोळण्याआधी रक्ताची तपासणी. तिसरी खूण सगळ्यांसाठी एकच: पायातली ताकद जाणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. यात दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते.

आता मार्चनंतरचा जव्हार-मोखाडा. विहिरी आटतात, टँकर सुरू होतात आणि बाईची कंबर शेतातून विहिरीवर जाते. हंडा डोक्यावर घेतलेली बाई सरळ, डौलदार चालते आणि छायाचित्रकारांना ते फार आवडतं. त्यात तथ्यही आहे: केनियातल्या लुओ आणि किकुयू बायका आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचा भार डोक्यावर घेऊन जास्तीची ऊर्जा न खर्चता चालतात, असं 1986 साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं. पण 45 किलोच्या बाईचा पाचवा हिस्सा म्हणजे 9 किलो. एका हंड्यात पंधरा लिटर पाणी धरलं तर एकावर एक दोन हंडे तीस किलोंच्या वर जातात. शिवाय ऊर्जा वाचली म्हणून मानेचे मणके वाचत नाहीत. सगळा भार त्यांच्यामधूनच खाली उतरतो.

आणि चालणं हा त्यातला सोपा भाग आहे. खरी इजा उचलण्यात होते. विहिरीच्या काठावर उभं राहून, पुढे झुकून, पोहरा हातांनी वर ओढायचा; हिसका बसतो तो खांद्याला आणि कंबरेला. मग जमिनीवरचा भरलेला हंडा आधी गुडघ्यावर, तिथून कमरेवर, तिथून अंग वळवून डोक्यावरच्या चुंबळीवर. वाकणं आणि वळणं एकाच वेळी, हातात पंधरा किलो: मणक्यातल्या चकतीला सगळ्यांत वाईट असलेली हालचाल हीच. कारखान्यांच्या नियमांत प्रौढ स्त्रीनं एकटीनं उचलायच्या ओझ्याची मर्यादा 30 किलो आहे. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेच्या 1991 च्या सूत्रात अगदी आदर्श परिस्थितीतलं ओझं 23 किलो धरलं आहे, आणि वस्तू जमिनीवरून उचलावी लागली, अंगापासून दूर असली किंवा अंग वळवावं लागलं की ते भराभर खाली येतं. विहिरीला कोणाचाच नियम लागू नाही.

इथे ऑस्टिओपॅथपेक्षा गवंडी जास्त उपयोगी. विहिरीजवळ कमरेइतक्या उंचीचा एक ओटा बांधला तर हंडा जमिनीवर ठेवावाच लागत नाही. ओट्यावर ठेवून भरायचा आणि तिथूनच डोक्यावर घ्यायचा. वाकून उचलण्याची अख्खी पायरी गळून पडते. काठावर रहाट किंवा साधी कप्पी बसवली की पोहरा वर ओढण्याऐवजी दोर खाली ओढता येतो, म्हणजे अंगाचं वजन कामी येतं आणि कंबर सरळ राहते. घरी हंडे उतरवण्यासाठी तसाच दुसरा ओटा. दक्षिण आफ्रिकेत 1991 मध्ये 90 लिटरचं, जमिनीवरून लोळवत नेण्याचं पिंप निघालं. तशी पिंपं आपल्याकडेही आली. सपाट वाटेवर ती छान चालतात. दगडधोंड्यांच्या उताराच्या पायवाटेवर ओटाच बरा. नळ घरात आला तर यातलं काहीच लागणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

शेतातलं वाकणंही असंच मुळातून कमी करता येतं का? कर्जतजवळच्या नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या ‘सगुणा राईस तंत्रा’त चिखलणी आणि आवणी दोन्ही नाहीत. गादीवाफे करायचे, लोखंडी साच्यानं त्यावर ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, प्रत्येकात थोडं बी टाकायचं. वाकणं उरतं, पण चिखलात पाय रोवून दिवसचे दिवस दुमडून राहणं जातं. तंत्रात तणनाशक वापरावं लागतं, आणि ते फवारणाऱ्याच्या अंगाचा प्रश्न वेगळा उभा राहतो. शिवाय उताराच्या इवल्या खाचरांत किती जमेल ते ज्याचं त्यानं बघायचं. आवणी करणारच असाल तर कामाची अदलाबदल करता येते: अर्धा तास आवणी, मग मुठी वाहून आणणं, मग पुन्हा आवणी. दर वीस-पंचवीस मिनिटांनी कमरेवर हात ठेवून दहा वेळा मागे झुकायचं. आणि चिखलातून बाहेर आल्यावर लगेच मोळीला हात लावायचा नाही. थोडं चालून, बांधावर टेकून, मगच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळा कापणीत मनगटाचा हिसका वाचवतो, तीच गोष्ट आवणीसाठी अजून नीट कोणी केलेली नाही.

अवजार बदलल्यानं पाठ वाचते याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण कॅलिफोर्नियातलं. तिथल्या मेक्सिकन शेतमजुरांना आखूड दांड्याचं खुरपं वापरायला लावत. दांडा फूटभर, म्हणजे दिवसभर दुमडूनच काम. मालकांचं म्हणणं, काम नेटकं होतं. मजुरांचं म्हणणं, उभा राहिलेला माणूस मुकादमाला लांबून दिसतो म्हणून. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1975 मध्ये त्या खुरप्यावर बंदी आली. शेती काही बुडाली नाही.

आपल्याकडे दिवाळीनंतर याच वाड्या-पाड्यांतली कुटुंबं भिवंडी, वसई, वाडा, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. उकिडवं बसून विटा थापायच्या, वळून मांडायच्या. पुढे त्याच विटा डोक्यावरून वाहायच्या. एक वीट अडीच-तीन किलोंची; दहा-बारा विटांची खेप किती झाली ते वाचकानं मोजावं. मजुरी हजार विटांवर ठरते आणि उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे पाठ दुखते म्हणून कमी विटा ही सवलत मजूर स्वतःलाच देत नाही. हेलसिंकीतल्या नगरपालिका कर्मचाऱ्यांवर 1995 साली झालेला एक प्रसिद्ध अभ्यास सांगतो की कंबर धरल्यावर अंथरुणात पडून राहण्यापेक्षा रोजचे व्यवहार झेपतील तसे चालू ठेवणारे लवकर बरे होतात. सल्ला खरा आहे. पण त्यातलं ‘झेपतील तसे’ हे भट्टीवर भाषांतरित होत नाही. तिथे रोजचा व्यवहारच तीस किलोंचा असतो.

कायद्यालाही ही पाठ दिसत नाही. 1923 चा कामगार भरपाई कायदा मुख्यतः अपघात ओळखायचा: परांची कोसळली, पाय मोडला, तारीख अमुक. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानं कामावर इजा झाल्यास मोफत उपचार आणि रुग्णालयात असेपर्यंत किमान अर्धी मजुरी लिहून ठेवली. दहा पावसाळे आणि दहा भट्ट्या मिळून झिजलेल्या मणक्याला तारीख नसते, मालकही एक नसतो. बाजारातल्या हमालांनी संघटना करून 1969 चा माथाडी कायदा मिळवला, शंभर किलोंच्या पोत्याऐवजी पन्नास किलोंचं पोतं मागितलं. भट्टीवरच्या नवरा-बायकोच्या जोडीची संघटना कोण करणार?

तेव्हा जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात एखादा फिजिओथेरपिस्ट ऑस्टिओपथीची कौशल्यं घेऊन बसला, तर त्याच्या वर्षाची आखणी शहरातल्यापेक्षा वेगळी हवी. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाड्यांवर जाऊन खुब्यातून वाकणं शिकवायचं, कारण आवणी सुरू झाल्यावर ऐकायला कोणी रिकामं नसतं. होळीला भट्टीवरची माणसं घरी येतात, तेव्हा पाठी आणि गुडघे तपासायचे. क्षय आणि सिकलसेलची चाळणी त्याच वेळी. हाडवैदाला हिणवण्यापेक्षा त्याला बोलावून घ्यावं आणि कोणत्या पाठीला हात लावायचा नाही तेवढं शिकवावं, कारण रुग्ण आधी त्याच्याकडेच जाणार आहे. आणि केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ किंवा ‘घरकाम’ लिहून मोकळं न होता विचारावं: पाणी किती लांबून आणता, एका वेळी किती हंडे, विहिरीवर ओटा आहे का? नसेल तर ग्रामपंचायतीला पत्र लिहायला पाच मिनिटं लागतात.